बोरगावच्या पांदणीवरून मुंबईच्या सडकेवर

नागपूरहून छिंदवाड्यास जाणारा महामार्ग सावनेर मागे टाकून मध्यप्रदेशाच्या हद्दीत शिरतो आणि सौंसर यावयाच्या आधी बोरगाव लागते. बोरगावे महाराष्ट्रात व मध्यप्रदेशात इतकी आहेत की, पत्त्यावर तहसील लिहिली नाही तर पत्र कोठे जाईल याचा नेम नसतो. म्हणून प्रारंभीच सांगून ठेवतो की, आम्ही लिहीत आहोत ते सौंसर तहसिलीतील बोरगावाविषयी. मोटारीने जाणाऱ्याच्या ध्यानात हे गाव राहते ते त्याच्या औद्योगिक क्षेत्रामुळे. रेमंडची कापडगिरणी येथे १९९१ साली उभी राहिली, इतरही कारखाने आले, आणि संत्री-कापसाच्या गाड्यांचा हा रस्ता रात्रंदिवस मालमोटारींचा झाला. याच मुलुखातून सातपुड्यावर चढणारी छोटी आगगाडी २०१५ साली थांबली व तिच्या जागी रुंद रूळ आले. जिल्ह्याचे नावही बदलले. पिढ्यान्‌पिढ्या छिंदवाडा जिल्हा लिहिणारे आम्ही २०२३ पासून पांढुर्णा जिल्हा लिहू लागलो आहोत.

बदलली नाही ती भाषा. इंदूर, ग्वाल्हेर, देवास, बडोदे येथील वाचकांचे पूर्वज होळकर-शिंदे-पवार-गायकवाडांच्या फौजफाट्याबरोबर केव्हातरी दक्षिणेतून निघाले व त्या त्या ठिकाणी स्थिरावले, हा इतिहास आपल्या घराघरांत सांगितला जातो. आमच्याकडील मंडळी कोठूनच निघाली नाहीत. हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा, पुढे मध्यप्रांताचा, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्यप्रदेशात राहिला. माणसे जागच्या जागीच होती, सीमा तेवढी त्यांच्या शिवाराजवळून गेली. असो. आजचा विषय सीमेचा नाही, धावण्याचा आहे.

पश्चिम महाराष्ट्रात जिला पाणंद म्हणतात, ती आमच्याकडे पांदण. दोन्ही बाजूंस शेतांचे धुरे, मध्ये बैलगाडीच्या चाकोऱ्या, कडेला बाभळी, बोरी व पळस, अशी ही वाट गावाबाहेर पडते आणि शिवार ओलांडून माळरानाच्या मुरमाड चढावर जाते. गेली नऊ वर्षे आम्ही पहाटे या पांदणीवरून धावतो. ‘धावतो’ हा शब्द काहीसा धीट आहे. चढ आला की आम्ही चालतो, उतार आला की बेताने पळतो, आणि मोहाच्या झाडाखाली फुले पडली असली की उभे राहतो. सुरुवातीस शेतावर निघालेले लोक थांबवून विचारीत, “काय गुर्जी, मांगं कोनी लागलं काय?” पन्नाशीकडे झुकलेला मुख्याध्यापक विनाकारण पळतो, हे त्यांना पटत नसे. आता कोणी विचारीत नाही. फार तर एखादा म्हणतो, “जरा बाजूनं जा, तिकडं पाणी सोडलं हाय.”

पांदणीवरील धावणे म्हणजे काय, हे ज्याने केले नाही त्यास थोडे उलगडून सांगावे लागेल. पावसाळ्यात काळी माती जोड्याला अशी चिकटते की शंभर पावलांत प्रत्येक पायास शेरभर वजन होते, आणि काटकीने ते खरवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हिवाळ्यात तीच माती वाळून ढेकळे होते व घोट्याची परीक्षा पाहते. फाल्गुनात पळस फुललेला आणि संत्र्याच्या बागेत आंबिया बहाराच्या फुलांचा वास. तेव्हा मात्र वाटते की, ही वाट कोठे संपूच नये. या वाटेवर कोणतीही दोन पावले सारखी पडत नाहीत. एक लांब, एक आखूड, एक तिरपे, एक दगड चुकवून. त्यामुळे पायाचे सारे स्नायू आळीपाळीने कामाला लागतात व आळीपाळीने विसावतात. नजर जमिनीवर लागते, मन त्या नजरेमागे जाते, आणि तासभर कसा गेला ते उमगत नाही. घड्याळाचे तेथे काही चालत नाही. चिखलातील एक किलोमीटर व सुक्या मुरमावरील एक किलोमीटर यांची तुलना कोण करील?

घड्याळाचे चालते ते महामार्गावर. पहाटे साडेचार-पाचला, मालमोटारींचे दिवे अंगावर येत असताना, बोरगाव व आसपासच्या खेड्यांतील पोरे महामार्गाच्या कडेने धावत असतात. ही पोरे आमच्यासारखी हौशी नव्हेत. त्यांना सैन्यात किंवा पोलिसांत जावयाचे असते. भरतीसाठी १६०० मीटर धावून दाखवावे लागते, आणि एवढे अंतर सपाट, मोजलेले, वळणाशिवायचे असे मिळते ते डांबरी रस्त्यावरच. एका मोरीपासून पुढच्या एका कडुनिंबापर्यंत त्यांनी ते मोजून ठेवले आहे. रस्त्यावर चुन्याच्या रेघा आहेत. एकाच्या हातात मोबाईलचे घड्याळ, बाकीचे त्याच्याकडे धावत येणारे. महाराष्ट्रात नि मध्यप्रदेशात कोणत्याही लहान गावाबाहेर भल्या पहाटे हे दृश्य दिसेल. शहरातील वाचकांस ते ठाऊक नसल्यास आश्चर्य नाही, कारण त्यांची गाडी तेथून जाते तेव्हा ते झोपलेले असतात.

अशाच एका पहाटे मालमोटारीचा धक्का लागून आमच्या शाळेतून गेलेला एक मुलगा रस्त्याखाली फेकला गेला. जीव वाचला. मांडीचे हाड मोडले होते. ते सांधले, पण पाय थोडा आखूड राहिला आणि भरतीचा विषय त्याच्यापुरता मिटला. त्यानंतर आठ दिवस रस्त्यावर कोणी आले नाही. नवव्या दिवशी पोरे पुन्हा तेथेच होती. आम्ही त्यांना पांदणीवर बोलावले. एकाने सरळ उत्तर दिले, “सर, पांदनीवर टायमिंग कसं समजन?” त्याचे बरोबर होते.

त्या उत्तर देणाऱ्याविषयीच पुढे लिहावयाचे आहे. नाव सांगत नाही. त्याला ते रुचणार नाही. बाप संत्र्याच्या बागेत रखवालीला, आई रोजाने निंदणाला. दोनदा तो अग्निवीराच्या मेळाव्यास जाऊन आला. त्याच्या वेळच्या नियमाप्रमाणे १६०० मीटर ५ मिनिटे ३० सेकंदांच्या आत धावल्यास पूर्ण ६० गुण मिळत, त्यापुढे ५ मिनिटे ४५ सेकंदांपर्यंत ४८, आणि त्यानंतर येणाऱ्यांस घरची वाट. वेळ संपली की जवान रस्त्यावर दोर आडवा धरतात. दोराच्या अलीकडचे राहिले, पलीकडचे गेले. पहिल्या वेळी हा मुलगा घोळक्यात अडकला आणि दोर त्याच्या छातीस लागला. दुसऱ्या वेळी तो दोराच्या बराच पुढे होता, पण वैद्यकीय तपासणीत कानाचा दोष निघाला. कानाचे उपचार होईपर्यंत त्याला एकविसावे वर्ष सरले, आणि तेव्हाची वयोमर्यादा तेवढीच होती. आता तो औद्योगिक क्षेत्रातील एका कंपनीत पाळीवर काम करतो. रात्रपाळी सुटली की मात्र तो घरी न जाता महामार्गावर येऊन ते १६०० मीटर धावत असे. कशासाठी, हे त्याला कोणी विचारीत नसे.

मुंबईच्या शर्यतीचे आमच्या डोक्यात आले ते असे. आमचा भाचा तिकडे नोकरीस आहे. त्याने आपल्याबरोबर आमचेही नाव अर्ध्या शर्यतीसाठी घातले होते, म्हणजे २१ किलोमीटर ९७ मीटर. आणि त्याच्या कचेरीतील एकाचे येणे रहित झाल्याचे त्याने नावनोंदणीची मुदत संपण्याआधी कळविले. आम्ही त्या मुलास विचारले.

“सर, एकवीस किलोमीटर धावून भेटते काय?”

“एक पदक. आणि एक केळे.”

“मंग कायले जायचं?”

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते व आजही आम्ही ते शोधीत आहोत असे नाही. दोन दिवसांनी तो आपणहून घरी आला आणि म्हणाला की, त्याने समुद्र पाहिलेला नाही, सुटी मिळेल. कारण पुरेसे होते.

त्यापुढचे अडीच महिने आम्ही दर रविवारी पांदणीवरून लांब पल्ल्याला निघत असू. तो पुढे जाऊन थांबे, आम्ही मागून पोचत असू. जामसावळीच्या मारुतीचे दर्शन त्या काळात आम्हा दोघांस पायी घडले. हा मारुती पिंपळाखाली निजलेला आहे, हे वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. धावण्याचे दैवत आडवे होऊन विश्रांती घेत आहे, हे पाहून आमच्या सोबत्याला प्रथमच हसू आले.

नागपूरहून रात्रीच्या गाडीने आम्ही मुंबईस गेलो. शर्यत १९ जानेवारी २०२५, रविवार. मुंबईची ही दौड २००४ साली सुरू झाली, आणि त्या वर्षीची तिची विसावी खेप होती. आदल्या दिवशी छातीवर लावावयाचा क्रमांक मिळाला. त्याच्या मागे एक चकतीवजा पट्टी चिकटविलेली असते, हिला चिप म्हणतात. प्रारंभरेषेवर व शेवटच्या रेषेवर अंथरलेल्या चटईवरून धावणारा गेला की त्याची वेळ आपोआप नोंदली जाते. हजारोंच्या गर्दीत मागे उभ्या असलेल्याला रेषेपर्यंत पोचावयास दहा मिनिटे लागली तरी ती त्याच्या हिशेबात धरली जात नाहीत. आमच्या सोबत्याने हे दोनदा विचारून खात्री करून घेतली. घोळक्यात अडकून जाण्याचा अर्थ त्याच्याइतका आम्हांपैकी कोणाला कळत होता?

आणखी एक माहिती तेथे मिळाली, ती आम्हांस पुढे उपयोगी पडली. अशा शर्यतीचे अंतर मोटारीने वा मोबाईलने मोजत नाहीत. सायकलच्या पुढच्या चाकाला चाकाचे फेरे मोजणारे एक छोटे यंत्र बसवितात, आधी पोलादी फितीने आखलेल्या नेमक्या अंतरावर ती सायकल चालवून चाक एका फेऱ्यात किती जाते ते ठरवितात, आणि मग रस्त्याची वळणे जवळात जवळच्या रेषेने कापीत सारा मार्ग मोजतात. अंतर कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर वर धरतात. इतक्या मोठ्या शर्यतीचे मोजमाप अखेर सायकलीच्या चाकावर येते, हे आम्हांस फार आवडले.

घड्याळ व पायवाट यांची आपल्या मुलुखातील गाठ जुनी आहे. १९१९ साली पुण्यास डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धा झाल्या, तेव्हा जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा हजर होते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरलेले बहुतेक जण शेतकऱ्यांची पोरे होती व अनवाणी धावत होती. त्यांच्यापैकी काहींच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या वेळांशी ताडून पाहाव्यात अशा निघाल्या, आणि त्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानातून संघ पाठविण्याची कल्पना मूळ धरून बसली. बेळगावचे फडेप्पा चौगुले तेथे मॅरेथॉन धावले. त्या वर्षीचा मार्ग नेहमीपेक्षा लांब, ४२ किलोमीटर ७५० मीटरांचा होता. चौगुले २ तास ५० मिनिटांवर काही सेकंदांत पोचले व एकोणिसावे आले. दुसरे सदाशिव दातार. त्यांना शर्यत पुरी करता आली नाही. मातीत अनवाणी धावणारा माणूस परक्या देशातील फरसबंदी रस्त्यावर, परक्या हवेत उभा राहतो, तेव्हा त्याच्या पायांना काय वाटत असेल, हे कोणी लिहून ठेवल्याचे आमच्या वाचनात नाही. चौगुल्यांच्या पराक्रमापेक्षा आमचे कुतूहल त्या पायांविषयी अधिक आहे.

अर्धी शर्यत माहीमहून पहाटे पाचला सुटली. जानेवारीत बोरगावला या वेळी तोंडातून वाफ निघते. येथे उभ्या उभ्या घाम फुटला. मुंबईच्या हवेत ओल इतकी की, घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग निवत नाही; त्यामुळे कोरड्या हवेतल्या माणसाने येथे आपली नेहमीची गती धरली तर तो तापत जातो. हे आम्ही आमच्या सोबत्यास गाडीत समजावून सांगितले होते. त्याने मानही डोलावली होती. चटई ओलांडताच तो जो सुटला तो दिसेनासा झाला. सोळाशे मीटर धावणारा माणूस सुरुवात एकाच रीतीने करू शकतो.

वांद्र्याच्या बाजूने आम्ही समुद्रसेतूवर चढलो. हा पूल २००९ साली खुला झाला. एरवी त्यावर पायी जाणाऱ्यास बंदी आहे. दोरखंडांवर दिवे, दोन्ही बाजूंस काळे पाणी, आणि हजारो पावलांचा एकच सपसप आवाज. बोलणे कोणाचे नव्हते. आम्हांस पांदणीचा फरक कळला तो येथे. डांबर व काँक्रीट पायास काहीच विचारीत नाही. पहिले पाऊल जसे, तसेच दुसरे, तसेच दहा हजारावे. पाऊल मीटरभर धरले तर या शर्यतीत एकवीस हजार पावले होतात, आणि ती सारी पोटरीच्या त्याच त्या शिरेवर पडतात. चुकवावयास दगड नाही, पाहावयास ढेकूळ नाही. नजरेला काम उरत नाही म्हणून मन घड्याळाकडे जाते. सहा-सात किलोमीटरांनंतर आमच्या नडग्या अशा दुखू लागल्या की, मुरमाच्या चढावर कधी दुखल्या नव्हत्या. आमच्या वयाचे एक गृहस्थ, बहुधा दादरकडचे, शेजारून जाताना म्हणाले, “रस्त्याच्या मधून धावा, कडेला उतार असतो.” खरेच होते. पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मध्ये उंच ठेवतात, आणि कडेने धावणाऱ्याचा एक पाय सतत खाली पडतो. भरतीची पोरे महामार्गाच्या कडेनेच धावतात, हे तेव्हा मनात आले.

वरळी गेली, हाजीअलीला अजून अंधार होता. तेथून पुढे पेडर रोडचा चढ. रस्त्याचे कागदोपत्री नाव डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग. १९३७ साली हिंदू विधवांस पतीच्या मिळकतीत वाटा देणारा कायदा ज्यांनी विधिमंडळात आणला ते हे देशमुख. नाव लिहिलेली पाटी वाचण्याइतकी सवड येथे धावणाऱ्यांपैकी फक्त आमच्यासारख्यांनाच असते. लता मंगेशकर ज्या ‘प्रभुकुंज’मध्ये राहत, ती इमारत याच रस्त्यावर. चौदा-पंधरा किलोमीटर झाल्यावर हा चढ येतो, आणि तो फारसा उंच नसूनही भल्याभल्यांस चालावयास लावतो. आम्हांस मात्र चढ पाहून बरे वाटले. लहान पावले, अंग किंचित पुढे, श्वास नाकाने; एवढा धडा पांदणीने आम्हांस नऊ वर्षे गिरवून घेतला होता. तेथे प्रथमच आम्ही लोकांना मागे टाकले.

चढाच्या मध्यावर, कठड्याला हात टेकून, आमचा सोबती उभा होता. कुशीत कळ आली होती. ओठ पांढरे.

“सर, हे सरतच नाही.”

“सरेल. पाण्याची गुंडी घेऊन टेकाड चढतोस ना, तसा चढ. बोलू नको.”

कडेच्या घरांतील लोक रस्त्यावर उतरले होते. कोणी ढोल वाजवीत होते, कोणी मीठ-साखरेचे पाणी देत होते. एका आजीबाईंच्या ताटात संत्र्याच्या सोललेल्या फोडी होत्या. त्याने एक फोड तोंडात टाकली, चघळली, आणि धापा टाकत टाकतच म्हणाला, “हे मृगाचं नाही, सर. आंबियाचं ठेवलेलं हाय.” बागेच्या रखवालदाराचा मुलगा तो. तेव्हा आम्हांस कळले की, तो ठीक आहे.

चढ दोघांनी मिळून संपविला. उतारावर त्याने आमच्या मागे राहावे असा त्याचा विचार दिसला. आम्ही त्यास पुढे घातले. चौपाटीपाशी समुद्र उजव्या हातास आला आणि झुंजुमुंजू झाले. तो उभा राहिला नाही, पण मान तिकडे वळवून धावत राहिला, इतका की पुढच्या माणसावर आदळता आदळता वाचला. मरीन ड्राइव्हवर त्याची पाठ हळूहळू लहान होत गेली. आम्ही २ तास ३४ मिनिटांत पोचलो. रेषेपलीकडे गळ्यात पदक आणि हातात न सोललेले केळे घेऊन तो उभा होता. त्याला आमच्याआधी नऊ मिनिटे झाली होती. तो रेषेकडे पाहत होता. आमच्या मागून लोक येतच होते: लंगडणारे, चालणारे, एक बाई लुगडे नेसलेल्या, एक गृहस्थ नातवाचा हात धरून. मुदत असते, पण ती पुष्कळ सैल.

“सर,” तो म्हणाला, “इथं दोर कोनी धरत नाही.”

आम्ही काही बोललो नाही. केळे अर्धे अर्धे खाल्ले.

परतीच्या गाडीत बोलणे झाले ते अविनाश साबळ्यांविषयी. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचा हा मुलगा शाळेत जाताना सहा किलोमीटर पायाखाली घाली. बारावीनंतर महार रेजिमेंटच्या पाचव्या पलटणीत गेला, सियाचीनला राहून आला, आणि सैन्यातील क्रॉस-कंट्री, म्हणजे रानातील धावांपासून त्याची खरी सुरुवात झाली. महार रेजिमेंटचे केंद्र आपल्याच सागरला आहे, हे वाचकांपैकी सागरकर जाणतातच. पुढे अडथळ्यांच्या शर्यतीत त्याने नाव मिळविले. २०२० च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या रस्त्यावर त्याने हीच अर्धी शर्यत १ तास ३० सेकंदांत संपविली. ६१ मिनिटांच्या आत ती धावणारा तो पहिला भारतीय. २०२२ साली बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत रौप्यपदक. आमचा सोबती हे सारे मोबाईलवर आधीच पाहून चुकला होता. त्याला रस होता तो एवढ्यातच की, रानात धावणाऱ्याचे पाय रस्त्यावर कमी पडत नाहीत. महामार्गावरच्या पोरांना हे कसे पटवावे, याचा विचार तो बल्लारपूर-वर्ध्याकडे उतरणाऱ्या प्रवाशांच्या गलक्यात बसून करीत होता. अडचण जुनीच होती: पांदणीवर टायमिंग कसे समजणार?

ती अडचण सायकलीने सोडविली. आमच्या शाळेतील गणिताच्या शिक्षकांनी फेब्रुवारीत आठवीच्या वर्गाला बरोबर घेऊन शाळेच्या पटांगणावर पोलादी फितीने १०० मीटर आखले आणि सायकल त्यावर तीनदा चालविली. चाक एका फेऱ्यात २ मीटर २० सेंटिमीटर जाते असे ठरले. आरीला लाल चिंधी बांधली. एकाने सायकल ढकलावयाची, दोघांनी चिंधी मोजावयाची, तिसऱ्याने दर शंभर फेऱ्यांस वहीत रेघ मारावयाची. १६०० मीटरांस ७२७ फेरे व वर काही बोटे. मोजणी करताना नाल्यापाशी दोघांचे भांडण झाले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागले, हेही नमूद केले पाहिजे. पांदणीचा सुका, सपाटीचा भाग त्यात बसला. दोन्ही टोकांस दगड पुरून चुना लावला.

पहिल्या आठवड्यात पोरे तोंडे वाकडी करून आली. रस्त्यावर ५ मिनिटे ४० सेकंद करणारा येथे सव्वासहा घेत होता. हे घड्याळ खोटे आहे, असा बोभाटा झाला. आमच्या सोबत्याने त्यांना सांगितले की, येथील वेळेतून पस्तीस सेकंद वजा करा. हा आकडा त्याने कोठून काढला ते त्यालाच ठाऊक. पण महिनाअखेर त्यांच्यापैकी चौघांना त्याने रविवारी दिवस उजाडल्यावर, रहदारी कमी असताना महामार्गावर नेऊन धावविले, आणि आकडा फारसा चुकीचा नव्हता. आता आठवड्यातील पाच दिवस पोरे पांदणीवर असतात. सारी आली असे नव्हे. काही अजून महामार्गावरच धावतात, आणि त्यांना आम्ही दोष देत नाही. भरती जवळ आली की पायाला डांबराची सवय हवी, हे त्यांचे म्हणणे खोडण्यासारखे नाही.

पावसाळ्यात चुना वाहून गेला, एक दगड बैलगाडीखाली निसटला. दसऱ्यानंतर पुन्हा मोजणी केली. या खेपेस पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या तीन मुलीही आल्या. महामार्गावर अंधारात त्यांना घरून कोणी पाठविले नसते. त्यांच्यापैकी एकीची आई रोज बरोबर येते, धुऱ्यावर घोंगडी टाकून बसते, आणि तिच्या हातात आम्ही शाळेतील थांबते घड्याळ देऊन ठेवले आहे. तिला आकडे वाचता येतात. पोरी जवळ आल्या की ती उठून उभी राहते.